केल्टिक बार्ड खरंच शामन होते का? अंधाऱ्या खोलीत कविता रचणाऱ्या माणसांची गोष्ट

धुक्यात बुडालेला डोंगर. गोलाकार उभे केलेले दगड. मागे ढोलाचा संथ ठेका आणि पांढरा झगा घातलेला, डोळे मिटून पुटपुटणारा कुणीतरी. खाली कॅप्शन: 'प्राचीन केल्टिक बार्ड हे युरोपचे शामन होते. त्यांच्या कवितेत दुसऱ्या जगात जाण्याचा रस्ता लपलेला आहे.'

असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेलं असेल. वायकिंग, रून, टॅरो यांच्या रांगेत आता 'केल्टिक शामनिझम'ही येऊन बसलंय. यावर पुस्तकं निघतात, वीकेंडच्या कार्यशाळा भरतात, ऑनलाईन कोर्स विकले जातात.

पण हे खरं किती?

एका वाक्यात सांगायचं तर काही धागे खरे आहेत, पण त्यांच्याभोवतीचं बहुतेक कापड गेल्या अडीचशे वर्षांत विणलेलं आहे. आणि खरा बार्ड रीलमधल्या बार्डपेक्षा कितीतरी जास्त इंटरेस्टिंग होता.

आधी 'केल्टिक' म्हणजे कोण?

केल्ट नावाचं एकच राष्ट्र किंवा एकच साम्राज्य कधी नव्हतं. एका भाषाकुळातल्या भाषा बोलणारे अनेक समाज इसवी सनाच्या आधीच्या शतकांत आजच्या फ्रान्सपासून ब्रिटन, आयर्लंडपर्यंत पसरले होते. त्या कुळातल्या आयरिश, वेल्श, स्कॉटिश गेलिक, ब्रेटन अशा मोजक्या भाषा आज उरल्यात. त्यामुळे 'केल्टिक बार्ड' म्हटलं की आपण खरंतर दीड-दोन हजार वर्षं आणि निदान तीन देश एका शब्दात कोंबत असतो. रीलमध्ये ते चालून जातं, इतिहासात नाही.

रथामागे धावणारा कवी

बार्डची सगळ्यात जुनी वर्णनं ग्रीक लेखकांनी केली आहेत. पोसिडोनिअस नावाचा एक ग्रीक विद्वान इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराला गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात फिरला होता. त्याचं मूळ पुस्तक हरवलं, पण नंतरच्या लेखकांनी त्यातले तुकडे जपले. त्यातलाच हा किस्सा.

आर्व्हर्नी टोळीचा राजा लुएर्निऑस याने प्रचंड मोठी मेजवानी दिली. एक कवी तिथे उशिरा पोचला. जेवण आटपलेलं, राजा रथात बसून निघालेला. कवी रथाच्या बाजूने धावायला लागला आणि धावता धावता त्याने गाणं रचलं. राजाची थोरवी गायली आणि उशीर झाला म्हणून स्वतःच्याच नशिबाला बोल लावले. राजा खूश झाला आणि त्याने सोन्याची थैली फेकली. कवीने ती उचलली आणि पुढचं गाणं लगेच सुरू: राजाच्या रथाच्या चाकोऱ्यांमधून माणसांसाठी सोनं उगवतं!

यात धुकं नाही, समाधी नाही, दुसरं जग नाही. पोटापाण्यासाठी धावणारा, हजरजबाबी, व्यवहारात पक्का असा एक कलाकार आहे. डायोडोरस सिक्युलस हा दुसरा लेखकही हेच सांगतो: बार्ड तंतुवाद्यावर गातात, काहींची स्तुती करतात, काहींची टर उडवतात.

स्ट्रेबो या भूगोलकाराने तर कामाची वाटणीच लिहून ठेवली आहे. बार्ड म्हणजे गाणारे आणि कविता करणारे. व्हाटेस म्हणजे यज्ञ आणि शकुन पाहणारे. ड्रुइड म्हणजे निसर्गाचा आणि नीतीचा अभ्यास करणारे. म्हणजे भविष्य सांगण्याचं खातं निदान या यादीत तरी बार्डकडे नव्हतंच. ज्युलिअस सीझर सांगतो की काही विद्यार्थी वीस-वीस वर्षं श्लोक पाठ करत बसत, आणि हे ज्ञान लिहून ठेवणं योग्य मानलं जात नसे. हेही तो ड्रुइडांबद्दल सांगतोय. आजच्या पोस्टमध्ये हे वाक्य बिनदिक्कत बार्डच्या नावावर खपवलं जातं.

'बार्ड' हा शब्द कुठून आला, ते आपल्यासाठी जास्त मजेशीर आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ 'स्तुती करणं' या अर्थाच्या एका प्राचीन धातूत शोधतात. तोच धातू संस्कृतात 'गृ' म्हणून येतो: गृणाति, म्हणजे स्तुती करतो. 'गिरा' म्हणजे वाणी, हा शब्दही त्याच घरातला. आता 'ग' चा 'ब' कसा झाला? आपल्या 'गो'ला, म्हणजे गाईला आयरिश भाषेत 'बो' म्हणतात. अगदी तोच बदल इथे झाला. बार्ड म्हणजे शब्दशः 'स्तुती रचणारा'. ऋग्वेदातल्या काही सूक्तांच्या शेवटी दानस्तुती येते, ज्यात कवी आपल्याला गाई, घोडे, रथ देणाऱ्या राजाचं नाव घेऊन कौतुक करतो. लुएर्निऑसच्या रथामागे धावणारा कवी नेमकं हेच करत होता. माइल्स डिलन या आयरिश अभ्यासकाने या साम्यांवर आयुष्यभर काम केलं. 'सेल्ट्स अँड आर्यन्स' हे त्याचं पुस्तक 1975 मध्ये सिमल्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडीने प्रसिद्ध केलं.

आयर्लंड: जिथे कवीला राजाइतकी किंमत होती

गॉल रोमनांनी जिंकलं आणि तिथले बार्ड हळूहळू इतिहासातून गायब झाले. आयर्लंड मात्र रोमच्या ताब्यात कधीच गेलं नाही. तिथे पाचव्या शतकापासून ख्रिस्ती धर्म रुजला, मठ उभे राहिले आणि गंमत म्हणजे या मठांतच जुन्या कथा-कविता लिहून ठेवल्या गेल्या. आज आपल्या हातात जे काही आहे, ते बहुतेक सगळं ख्रिस्ती हातांनी उतरवलेलं आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आयर्लंडमध्ये सगळ्यात मानाचा कवी बार्ड नव्हताच. तो मान होता 'फिली'चा. फिली या शब्दाचा मूळ अर्थ 'पाहणारा', द्रष्टा. बार्ड त्याच्या खालच्या पायरीवर, कारण त्याचं औपचारिक शिक्षण झालेलं नसे. आठव्या शतकातल्या एका कायद्याच्या ग्रंथात फिलींच्या सात श्रेणी दिल्या आहेत. सगळ्यात वरच्याला 'ओल्लाव' म्हणत. त्याला 350 कथा तोंडपाठ असायला हव्यात अशी अपेक्षा होती आणि शिक्षण बारा वर्षांचं सांगितलेलं आहे. व्याकरण, छंद, वंशावळी, गावांच्या नावांच्या कथा, कायदा, सगळं त्यात आलं.

त्या काळच्या आयरिश कायद्यात प्रत्येक माणसाची 'मानकिंमत' ठरलेली असायची, म्हणजे त्याचा अपमान किंवा नुकसान झालं तर किती भरपाई द्यायची ते. ओल्लावची मानकिंमत छोट्या राज्याच्या राजाइतकी होती.

एवढा मान कशासाठी? कारण कवीच्या हातात राजाची अब्रू होती. त्याची स्तुती राजाला टिकवायची आणि त्याची निंदा राजाला बुडवायची. निंदाकवितेने माणसाच्या चेहऱ्यावर फोड उठतात असं लोक मानत. आयरिश कवी मंत्र म्हणून उंदीर मारतात ही समजूत इंग्लंडपर्यंत पोचली होती. शेक्सपिअरच्या 'अॅज यू लाइक इट' नाटकात तिच्यावर एक विनोदसुद्धा आहे.

मला सगळ्यात भारी वाटली ती 1414 सालची नोंद. जॉन स्टॅनली हा इंग्लंडच्या राजाचा आयर्लंडमधला प्रतिनिधी. त्याने नियाल ओ'हिगिन नावाच्या कवीची गुरंढोरं लुटली. नियाल आणि त्याच्या गोतावळ्याने स्टॅनलीवर निंदाकविता रचली. आयरिश इतिहासनोंदी गंभीरपणे सांगतात की त्यानंतर तो फक्त पाच आठवडे जगला.

मात्र हे आजच्या ट्रोलिंगसारखं मोकाट नव्हतं. निंदा करण्याआधी कवीने इशारा द्यायचा, त्यासाठी कवितेचा वेगळा प्रकार होता. विनाकारण निंदा केली तर दंड कवीलाच. शब्दाने माणूस जखमी होतो हे मान्य करून त्याची नियमावली लिहिणारा हा समाज होता.

मग शामनची गोष्ट आली कुठून?

ती हवेतून आलेली नाही. काही जुनी वर्णनं खरोखर थक्क करणारी आहेत.

पहिलं वर्णन 'कॉर्मकचा शब्दकोश' या ग्रंथातलं. तो कॅशेलचा राजा आणि बिशप कॉर्मक याच्या नावावर आहे, जो 908 मध्ये मेला. त्यात 'इम्बस फोरोस्नाई' हा विधी येतो. अर्थ साधारण 'उजळवणारं ज्ञान'. फिली डुकराच्या, कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाल मांसाचा तुकडा चावतो, तो दाराआडच्या दगडावर ठेवतो, देवतांना अर्पण करतो, तळहातांवर मंत्र म्हणतो आणि ते तळवे गालांना लावून झोपतो. आजूबाजूचे लोक पहारा देतात, कुणी त्याला हलवू नये, उठवू नये म्हणून. झोपेत त्याला हवं ते ज्ञान मिळतं. संत पॅट्रिकने या विधीवर बंदी घातली, असंही पुढे लिहिलं आहे.

दुसरं, बैलाचा विधी. जुन्या आयरिश कथांमध्ये नवा राजा निवडायचा असला की बैल मारतात. एक माणूस पोटभर मांस खातो, रस्सा पितो आणि झोपतो. त्याच्यावर मंत्र म्हटले जातात आणि स्वप्नात त्याला होणारा राजा दिसतो.

'तान बो कूलन्या' या आयरिश महाकथेत राणी मेव्हला फेदेल्म नावाची तरुणी भेटते. फिलीची विद्या शिकून ती नुकतीच परतलेली असते आणि तिला इम्बस अवगत असतं. माझं सैन्य कसं दिसतंय, असं राणी विचारते. फेदेल्मला ते रक्ताने लाल झालेलं दिसतं. राणी पुन्हा पुन्हा विचारते, उत्तर तेच. युद्धाचा शेवट कथेच्या सुरुवातीलाच एका कवयित्रीने सांगून टाकलेला असतो.

कॉर्मकच्या कोशात कवीच्या झग्याचंही वर्णन आहे. पांढऱ्या आणि रंगीबेरंगी पक्ष्यांच्या कातड्यांचा, मानेजवळ नर बदकांच्या मानेची पिसं लावलेला. सायबेरियातल्या शामनांच्या पोशाखातही पक्ष्यांची पिसं दिसतात, त्यामुळे अभ्यासकांचे कान टवकारले नसते तरच नवल.

आता समुद्र ओलांडून वेल्समध्ये जाऊ. जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने 1190 च्या दशकात वेल्सचं वर्णन लिहिलं. त्यात 'अवेनिदिऑन' नावाचे लोक येतात. त्यांना प्रश्न विचारला की ते मोठ्याने ओरडायला लागतात, भान हरपतात, जणू अंगात आल्यासारखे. बोलणं तुटक आणि अलंकारिक असतं, पण लक्ष देऊन ऐकणाऱ्याला त्यात कुठेतरी उत्तर सापडतं. नंतर त्यांना गदागदा हलवून जागं करावं लागतं आणि आपण काय बोललो ते त्यांना आठवत नाही. ही देणगी स्वप्नात मिळते म्हणतात. कुणाला ओठांवर गोड दूध किंवा मध ओतल्यासारखं वाटतं, कुणाला लिहिलेला कागद तोंडाला लावल्यासारखा.

त्यांचं नाव आलंय 'अवेन' या शब्दावरून, म्हणजे काव्याची प्रेरणा. आणि अवेनचं मूळ 'वाहणं, फुंकणं' या अर्थाच्या धातूत आहे. आपला 'वायू', आपला 'वात' त्याच कुळातले.

शेवटी तालिएसिन. सहाव्या शतकात या नावाचा खरा कवी होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तो उत्तर ब्रिटनमधल्या उरिएन या राजाच्या स्तुतीच्या कविता करायचा. पण लोकांना माहीत असलेली त्याची कथा वेगळी आहे. केरिदवेन नावाची जादूगार आपल्या मुलासाठी कढईत ज्ञानाचा रस शिजवते. ढवळायला ठेवलेल्या ग्विऑन या पोराच्या अंगठ्यावर तीन थेंब उडतात, तो अंगठा तोंडात घालतो आणि सगळं ज्ञान त्यालाच मिळतं. ती चिडून मागे लागते. तो ससा होतो, ती शिकारी कुत्री. तो मासा, ती पाणमांजर. तो पक्षी, ती ससाणा. शेवटी तो धान्याचा दाणा होतो, ती कोंबडी होऊन गिळते आणि नऊ महिन्यांनी त्यालाच जन्म देते. तोच तालिएसिन.

रूप बदलणं, मरून पुन्हा जन्मणं, गुप्त ज्ञान मिळणं. शामनच्या दीक्षेचं वर्णन म्हणून हे सगळं अगदी चपखल बसतं.

बसतं, पण इथेच थांबायला हवं

आधी शामन म्हणजे कोण ते पाहू. हा शब्द केल्टिक नाही, इंग्रजीही नाही. तो सायबेरियातल्या एवेंकी लोकांच्या भाषेतला. सतराव्या शतकात रशियन आणि डच लेखकांमार्फत तो युरोपात पोचला. 1692 मध्ये डच लेखक विटसेनच्या पुस्तकात ढोल वाजवणाऱ्या, डोक्यावर शिंगं लावलेल्या शामनचं चित्र छापलं गेलं. हा शब्द आपल्या 'श्रमण'वरून मध्य आशियामार्गे तिकडे गेला असावा, असंही एक मत आहे. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

सायबेरियाचा शामन समाजासाठी ठरावीक काम करतो. लोकांसमोर, बहुधा ढोलाच्या साथीने तो समाधीत जातो, मदतनीस आत्म्यांना बोलावतो, आजाऱ्याला बरं करतो. 1951 मध्ये धर्म-अभ्यासक मिर्चा एलिआदे यांनी शामनिझमवर गाजलेलं पुस्तक लिहिलं आणि हा शब्द सायबेरियातून सुटून जगभर लावला जाऊ लागला. त्याआधी नोरा चॅडविक या ब्रिटिश विदुषीने 1942 च्या 'पोएट्री अँड प्रॉफेसी' या पुस्तकात आयरिश फिली आणि सायबेरियाचे द्रष्टे शेजारी-शेजारी ठेवले होते. म्हणजे ही तुलना खुळचट नाही, ती गंभीर अभ्यासकांनीच सुरू केली.

पण पुरावे जरा जवळून पाहा. कॉर्मकचा कोश पॅट्रिकनंतर साधारण चारशे वर्षांनी लिहिलेला. लिहिणारा ख्रिस्ती. शिवाय कोशकाराला शब्दांची मनाने व्युत्पत्ती लावायची भारी हौस. 'बस' म्हणजे तळहात, म्हणून इम्बस म्हणजे गालांवर दोन तळहात, असं तो समजावतो. प्रत्यक्षात इम्बसचं मूळ 'व्यापक ज्ञान' असं आहे, त्याचा हाताशी संबंध नाही. मग तळहात गालांवर ठेवून झोपण्याचा तो विधी खरंच कुणी करत होतं, की शब्दाचा अर्थ जुळवायला तयार झाला? ही शंका अभ्यासकांना येते आणि ती रास्त आहे.

जेराल्डचे अवेनिदिऑन भविष्य सांगतात, पण ते कविता रचतात असं तो कुठे म्हणत नाही. उलट ते बोलण्याआधी ख्रिस्ती त्रिमूर्तीची प्रार्थना करतात, असं त्याने लिहिलं आहे. रीलमध्ये हा भाग हमखास कापला जातो.

तालिएसिनच्या कढईची कथा पूर्ण रूपात आपल्याला मिळते ती सोळाव्या शतकात, म्हणजे खऱ्या तालिएसिननंतर हजार वर्षांनी. त्याच्या नावाची मोठी हस्तलिखित पोथीदेखील चौदाव्या शतकातली.

आणि फिलीकडे सायबेरियाच्या शामनसारखा ढोल नाही, त्याच्या कवितेत आत्म्यांच्या जगातला प्रवास नाही, रोगी बरे करणं हे त्याचं मुख्य काम नाही. त्याच्याकडे आहे छंदशास्त्र. एकूण पाहता, कविता आणि भविष्यदर्शन ही कामं आयर्लंडमध्ये कधीकाळी एकाच माणसाकडे असावीत, इतकं म्हणायला जागा आहे. 'फिली'चा मूळ अर्थच ते सांगतो. त्यापुढे जाऊन 'बार्ड म्हणजे शामन' असं समीकरण मांडायला पुरावा पुरत नाही.

पोटावर दगड, डोक्यावर चादर

तरी एक गोष्ट अशी आहे की जिच्यापाशी मी स्वतः अडकले. ती कथांमधली नाही, जवळपास डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या वर्णनांतली आहे.

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये साधारण 1200 ते 1650 या काळात कवींच्या शाळा चालत. ठरावीक घराणी पिढ्यानपिढ्या हेच काम करत. 1722 मध्ये छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत या शाळेचं वर्णन आहे. गावापासून, गोंगाटापासून दूर एक बैठं घर. आत लहान लहान खोल्या, प्रत्येकीत एक पलंग. खिडकी नाही. शाळा सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन मार्चच्या शेवटी संपायची. गुरू विषय द्यायचे, छंदाच्या अटी सांगायचे. मग विद्यार्थी आपापल्या पलंगावर जाऊन अंधारात पडून कविता रचायचे. रात्रभर आणि दुसरा जवळजवळ पूर्ण दिवस. त्यानंतर दिवे आणले जात, तेव्हा कुठे कविता कागदावर उतरायची आणि गुरूंपुढे तपासणीला जायची.

स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवरच्या मार्टिन मार्टिन यानेही 1703 च्या पुस्तकात तिथल्या कवींबद्दल लिहिलं आहे. दारं-खिडक्या बंद, उताणं झोपलेलं, डोक्याभोवती चादर, डोळे झाकलेले आणि पोटावर एक दगड. असं दिवसभर पडून ते स्तुतिकाव्य रचत. मार्टिनला ते जरा हास्यास्पदच वाटलं होतं.

अंधार, पडून राहणं, जगाशी संबंध तोडणं. इम्बसच्या वर्णनात जे आहे, त्याच्याशी याचं नातं असेल का? असू शकतं. जुन्या भविष्यदर्शनाच्या विधीचं कवचच तेवढं शिल्लक राहिलं, असं काहींना वाटतं. दुसरं उत्तर साधं आहे. लक्ष विचलित होऊ नये आणि बरीच गुंतागुंत डोक्यात धरता यावी म्हणून अंधार.

कारण गुंतागुंत खरोखर होती. 'दान दीरॅख' म्हणजे काटेकोर छंद. ओळीत अक्षरं मोजून. यमक जुळवताना व्यंजनं सहा गटांत विभागलेली, कुठल्याही व्यंजनाशी कुठलंही चालत नाही. शिवाय अनुप्रास. हे सगळं कागदाशिवाय, मनातल्या मनात. वेल्समध्ये याला समांतर अशी 'कंगहानेद' नावाची पद्धत आहे. तिच्या एका प्रकारात ओळीच्या पहिल्या भागातली व्यंजनं दुसऱ्या भागात त्याच क्रमाने पुन्हा यावी लागतात, स्वर मात्र बदललेले. मराठीत खेळ म्हणून करून पाहिलं तर असं काहीतरी होईल: 'मन सरे, मानसी रे'. म-न-स-र, पुन्हा म-न-स-र. आता अशा शंभर-दोनशे ओळी अर्थासकट करून दाखवा.

1601 मध्ये किन्सेलच्या लढाईत आयरिश सरदार हरले, 1607 मध्ये त्यांचे प्रमुख देश सोडून गेले. आश्रयदाते गेले आणि पुढच्या काही दशकांत या शाळाही बंद पडल्या. बार्ड परंपरा संपण्याचं कारण कुणी गुप्त ज्ञान दडपलं हे नाही. कवींना पगार देणारी आणि ती भाषा दरबारात बोलणारी माणसं हरली.

पांढऱ्या झग्याचा जन्म: लंडन, 1792

मग रीलमधला तो झगा, ते दगडांचं रिंगण कुठून आलं?

त्याचं मोठं श्रेय एका गवंड्याला जातं. एडवर्ड विल्यम्स, वेल्समधल्या ग्लॅमॉर्गनचा. टोपणनाव इओलो मॉर्गानुग. जन्म 1747, मृत्यू 1826. स्वतः उत्तम कवी, जुन्या हस्तलिखितांचा दांडगा व्यासंग आणि लॉडनम म्हणजे अफूच्या अर्काचं व्यसन. 21 जून 1792 रोजी लंडनमधल्या प्रिमरोज हिलवर त्याने लहान दगडांचं रिंगण मांडलं आणि 'गॉर्सेद', म्हणजे बार्डांची सभा भरवली. ही परंपरा ड्रुइडांपासून ग्लॅमॉर्गनमध्ये अखंड चालत आलीय, असा त्याचा दावा होता. तशी कुठलीही अखंड परंपरा नव्हती. विधी त्याचे, बार्डांची 'प्राचीन' लिपी त्याची, अवेनचं म्हणून आज टॅटूत दिसणारं तीन किरणांचं चिन्हही त्याच्याकडूनच आलेलं. त्याने जुन्या कवींच्या नावावर स्वतःच्या कविता खपवल्या आणि त्या इतक्या सरस होत्या की शंभर वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. विसाव्या शतकात ग्रिफिथ जॉन विल्यम्स या वेल्श अभ्यासकाने हस्तलिखितं तपासून हे उघडकीला आणलं.

त्याला नुसता फसवा म्हणून सोडून देता येत नाही. वेल्श भाषेला इंग्रजीपुढे हिणवलं जायचं, त्या काळात त्याला आपल्या लोकांसाठी एक दिमाखदार भूतकाळ हवा होता. पुरेसा मिळाला नाही, तेव्हा त्याने तो बनवला.

पुढची साखळी झटपट सांगता येते. 1948 मध्ये इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हजचं 'द व्हाइट गॉडेस' आलं आणि वेल्श कविता म्हणजे एका आदिम देवीची सांकेतिक भाषा, ही कल्पना रुजली. 1980 मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांनी कुठल्याही संस्कृतीतल्या माणसाला ढोलाच्या ठेक्यावर करता येईल असा शामनिझम पुस्तकातून मांडला. 1990 च्या दशकात या दोन्ही प्रवाहांचा संगम होऊन 'केल्टिक शामनिझम'ची पुस्तकं दुकानांत आली.

यातून कुणाला मनःशांती मिळत असेल तर त्यावर आक्षेप घेण्याचं कारण नाही. आक्षेप 'हे प्राचीन आहे' या लेबलला आहे. बार्डला शामन केलं की पहिली गळते ती भाषा. समाधीला वेल्श व्याकरण लागत नाही, कंगहानेदला लागतं. आणि ती भाषा बोलणारी माणसं आजही आहेत. 2021 च्या जनगणनेत वेल्समधल्या सुमारे 5 लाख 38 हजार लोकांनी वेल्श बोलता येतं असं सांगितलं, म्हणजे लोकसंख्येच्या 17.8 टक्के.

खोटा विधी, खरी कविता

दर ऑगस्टमध्ये वेल्समध्ये 'आइस्तेदवोद' भरतो. कविता, गाणं, नाटक असा आठवडाभराचा राष्ट्रीय उत्सव, संपूर्ण वेल्श भाषेत. इओलोचं गॉर्सेद 1819 मध्ये आइस्तेदवोदच्या परंपरेला जोडलं गेलं, ते आजही आहे. झगे आहेत, दगड आहेत, अर्धवट म्यानाबाहेर काढलेली तलवार आहे, 'शांतता आहे का?' असं तीनदा विचारणारा प्रमुख ड्रुइडही आहे. सगळ्यांना ठाऊक आहे की हे इओलोच्या डोक्यातून आलंय.

पण या समारंभात ज्या कवितेला मानाची खुर्ची मिळते, ती कंगहानेदमध्येच असावी लागते. तिथे सूट नाही. कवी टोपणनावाने कविता पाठवतो. निकालाच्या दिवशी हजारोंच्या गर्दीपुढे फक्त ते टोपणनाव पुकारलं जातं आणि विजेता आपल्या जागेवर उभा राहतो.

6 सप्टेंबर 1917 रोजी, पहिलं महायुद्ध चालू असताना, बर्कनहेडला हा समारंभ होता. पंतप्रधान लॉइड जॉर्ज समोर बसलेले. कर्णे वाजले, टोपणनाव पुकारलं गेलं. कुणी उभं राहिलं नाही. पुन्हा पुकारलं. मग सांगण्यात आलं की ही कविता एलिस हम्फ्री एव्हान्सची आहे, हेद विन या नावाने लिहिणाऱ्या ट्रॉस्व्हिनिथच्या मेंढपाळाची. 31 जुलैला, पॅशनडेलच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, तो बेल्जियममध्ये मारला गेला होता. वय 30. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड घालण्यात आलं.

ती ओक लाकडाची कोरीव खुर्ची बेल्जियममधूनच पळून आलेल्या एका निर्वासित कारागिराने घडवली होती. आज ती ट्रॉस्व्हिनिथजवळच्या त्याच्या शेतावरच्या घरात ठेवलेली आहे आणि ते घर पाहायला खुलं आहे.